सिर्मिओने (लेक गार्दा, इटली): आईचे गुडघे आणि बाबांचे रोमन अवशेष, दोन्ही एका फेरीत जमेल का?

सांगलीची मुलगी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे म्युनिकला येताहेत, मेमध्ये, सहा आठवड्यांसाठी. बाबा ७२ वर्षांचे. सांगलीत हायस्कूलला इतिहास शिकवायचे. रोमन साम्राज्याचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचे, पण आजवर एकही रोमन भिंत हात लावून पाहिलेली नाही. आई ६७. दोन्ही गुडघे धरलेत, जिना उतरताना कठडा सोडत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत.

ऑफिसातली एक इटालियन मैत्रीण म्हणाली, सिर्मिओनेला घेऊन जा. तळ्याकाठी गाव आहे, गंधकाच्या गरम पाण्याचे उपचार आहेत आणि टोकाला मोठे रोमन अवशेष. म्हणजे दोघांचंही काम एकाच ठिकाणी होईल असं वाटलं. पण इंटरनेटवर बघावं तर सगळीकडे किल्ल्यासमोरचे फोटो आणि आइस्क्रीम! माहिती काहीच नाही.

कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलंय का? किती दिवस ठेवावेत? त्या पाण्याने गुडघ्यांना खरंच फरक पडतो का? आई स्विमिंग कॉस्च्युम घालणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. मग तिला पाण्यात उतरू देतील का? गाडीने जावं की ट्रेनने? दोघंही शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही.

---

घाटमाथा:

आम्ही मागच्या वर्षी जूनमध्ये व्हेनिसहून मिलानला जाताना थांबलो होतो. तीन तास पुरेसे झाले. किल्ला बाहेरून बघितला, गल्ल्यांतून फिरलो, बोटीने अर्ध्या तासाची चक्कर मारली. अवशेषांपर्यंत गेलो नाही, ऊन फार होतं. गाव सुंदर आहे पण गर्दी भयंकर. गाडी असेल तर पार्किंगलाच एक तास धरून चाल, जुन्या गावात बाहेरच्या गाड्या सोडत नाहीत. माझं मत विचारशील तर अर्धा दिवस सिर्मिओने आणि मुक्काम वेरोनाला.

---

काठावरची:

घाटमाथा, तुमचं गर्दीबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण अर्ध्या दिवसाचा सल्ला या मुलीने ऐकू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी लेक देसेंझानोला राहते. सिर्मिओनेच्या शेजारचंच गाव, बसने वीसेक मिनिटं. व्हिसाच्या नियमाने मला तीन महिनेच राहता येतं, पण हे माझं पाचवं वर्ष. आठवड्यातून एकदा तरी मी सिर्मिओनेला जाते. चिपळूणला मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडापासून चालत अर्ध्या तासावर. भातलावणी संपली की आजी आम्हा पोरींना घेऊन कुंडावर जायची. महिनाभर चिखलात वाकून कंबर धरलेली असायची, गुडघे सुजलेले असायचे. ती पाण्यात पाय सोडून बसायची, आम्ही तांब्याने तिच्या पाठीवर पाणी ओतायचो. तिचे गुडघे काही बरे झाले नाहीत, शेवटपर्यंत दुखले. पण त्या रात्री ती कण्हल्याशिवाय झोपायची. तुझ्या आईसाठी सिर्मिओनेच्या पाण्याकडून एवढीच अपेक्षा ठेव. झिजलेला सांधा कुठलंही पाणी भरून देत नाही. पण अंग सैल होतं, दोन-चार दिवस पाऊल हलकं पडतं, झोप लागते. आपल्या वयात ते थोडं नाही गं.

पहिल्या वर्षी लेकीने मला सिर्मिओनेला नेलं, तेव्हा किल्ल्याकडून काठाकाठाने टोकाकडे चालत होतो. अचानक वारा फिरला आणि गंधकाचा वास आला. मी जागीच थांबले. तोच वास, कुंडावरचा! लेक म्हणाली, आई, नाक धर. मी कशाला नाक धरतेय, मला माझी आजी आठवली.

आता कामाचं. हे गाव म्हणजे तळ्यात घुसलेली चारेक किलोमीटर लांबीची जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. पट्टीच्या मुळाशी कोलोंबारे नावाची वस्ती, तिथे हॉटेलं स्वस्त आणि गाड्या लावायला जागा. पुढे गेलं की किल्ला लागतो. वेरोनाच्या स्कालिजेर घराण्याने बांधलेला, चारी बाजूंनी पाणी, आणि त्याच्या शेजारच्या पुलावरूनच जुन्या गावात जाता येतं. त्या पुलावर सकाळी अकरानंतर नुसती माणसांची रेटारेटी. त्या रेट्यात आईला घेऊन अजिबात शिरू नकोस. किल्ल्याचा बुरूज सत्तेचाळीस मीटर उंच आहे, चढायला शंभरावर पायऱ्या, तो बाबा एकटे चढतील. गाव ओलांडून टोकाला गेलं की ऑलिव्हची राई आणि तिच्यात ते रोमन अवशेष. किल्ल्यापासून तिथपर्यंत साधारण एक किलोमीटर, शेवटी चढ. गावातून तिकडे छोटी बॅटरीवरची गाडी जाते. आईला त्यातच बसव, चालण्याची हौस परतीला.

मुक्काम दोन रात्री, जमल्यास तीन. कारण असं की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर हे गाव वेगळंच असतं. दिवसभराचे लोक बोटींनी आणि बसांनी निघून जातात. मग काठावरच्या बाकावर बसलं की पलीकडे मोंते बाल्दोचा डोंगर दिसतो, मेमध्ये कधीकधी माथ्यावर बर्फ असतं. सकाळी उत्तरेकडून वारा येतो, त्याला इथले लोक पेलेर म्हणतात. दुपारी तो पडतो आणि दक्षिणेकडून ओरा सुटतो. शिडाच्या होड्या त्याच हिशेबाने निघतात. माझ्या बाबांना हे फार आवडलं असतं, त्यांचा सगळा जन्म शास्त्री नदीच्या भरती-ओहोटीवर गेला.

माझ्या सासऱ्यांना पूर्वी एका सहल कंपनीने इथे आणलं होतं. दीड तास दिला. ते परत आल्यावर म्हणाले, एक किल्ला होता, नाव विसरलो. एवढा प्रवास करून म्हाताऱ्या माणसाच्या हाती काय लागलं? म्हणून मला अर्ध्या दिवसाचा राग येतो.

आणखी एक. बव्हेरियातल्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी लागते त्या पंधरवड्यात येऊ नकोस. अख्खं म्युनिक गार्दाच्या काठी उतरतं, तुला तिथे राहून हे माहीत असेलच. त्याआधीचा आठवडा धर, सोमवार ते गुरुवार.

पाण्याचं आणि कपड्यांचं रात्री लिहिते, नातू झोपला की.

---

सांधेसखी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. काकूंनी अपेक्षा अगदी योग्य शब्दांत मांडली आहे. गरम पाण्यात शरीराचं वजन कमी जाणवतं, स्नायू सैल होतात, त्यामुळे सांधा न दुखता हलवता येतो. खरा फायदा तिथे आहे. आईला पाण्यात नुसतं बसवू नका, कठड्याला धरून हळूहळू पाय मागे-पुढे, गुडघा वाकवणं-सरळ करणं असं करायला लावा.

बीपीची गोळी चालू असेल तर एका वेळी पंधरा मिनिटं, फार तर वीस. बाहेर येताना झटकन उठायचं नाही, गरम पाण्यामुळे रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, चक्कर येते. आधी आणि नंतर साधं पाणी प्यायचं. या पाण्यात आयोडीन असतं असं वाचलंय, तेव्हा थायरॉइडचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पायावर जखम किंवा चिरा असतील तर ते भरेपर्यंत थांबा.

---

काठावरची:

सांधेसखी, फार चांगलं झालं तुम्ही लिहिलंत. मीही तेच सांगणार होते पण तुमच्याइतकं नेमकं नाही.

आता पाणी. या झऱ्याचं नाव बोयोला. हा झरा जमिनीवर नाही, तळ्यात आहे! पट्टीच्या पूर्वेला, काठापासून साधारण तीनशे मीटर आत, अठरा-एकोणीस मीटर खोल तळाशी. बुडबुडे वर यायचे ते लोकांना शेकडो वर्षं दिसत होते, पण हाताला काही लागत नव्हतं. १८८९ मध्ये प्रोकोपिओ नावाचा एक पाणबुड्या व्हेनिसहून आला, तळाशी उतरला आणि त्याने खडकात नळ बसवला. एकोणसत्तर अंश तापमानाचं पाणी! हात घातला तर भाजेल असं. त्या काळचा तो जड शिरस्त्राणाचा पोशाख, वरून हवेची नळी, भोवती तळ्याचं गारठा आणणारं पाणी आणि समोरून कढत फवारा. मी वर्गात मुलांना गोष्टी सांगताना शूर माणसं म्हणून राजे-सरदार सांगितले. आता शिकवत असते तर प्रोकोपिओ सांगितला असता.

ते पाणी मग नळाने काठावर आणलं आणि त्यावर उपचारकेंद्रं उभी राहिली. आज जुन्या गावात एक आहे, कॅटुलस या रोमन कवीच्या नावाचं, आणि कोलोंबारेला दुसरं, व्हर्जिल या दुसऱ्या रोमन कवीच्या नावाचं. शिवाय नुसतं डुंबायला, आराम करायला वेगळा स्पा आहे, त्याचं नाव अक्वारिया. तिथल्या कुंडांत पाणी चौतीस ते छत्तीस अंशांवर आणलेलं असतं, म्हणजे जवळजवळ आपल्या अंगाइतकंच. तुझ्या आईला तिथे ने. उघड्यावरच्या कुंडात बसलं की समोर तळं.

उपचारकेंद्रात इटालियन लोक बहुतेक गुडघ्यांसाठी येत नाहीत, नाक-कान-घशासाठी येतात. इथलं पाणी त्यासाठीच नावाजलेलं आहे. औषधाच्या दुकानात नाकात मारायचा फवारा मिळतो तो याच पाण्याचा. इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर वर्षातून एकदा बारा दिवसांचा उपचार थोडक्या पैशांत होतो. मी पाहुणी, मला पूर्ण पैसे पडले, तरी दुसऱ्या वर्षी मी बारा दिवस वाफारे घेतले, कारण सायनसने माझी तीस वर्षं खाल्ली होती. एका मोठ्या खोलीत ओळीने बेसिनं, प्रत्येकापुढे एक तोटी. गळ्यात टॉवेलसारखं बांधून तोटीसमोर तोंड करून बसायचं, कोमट वाफ नाकातोंडात घ्यायची. माझ्या डाव्या बाजूला रोज एक सहा-सात वर्षांचा मुलगा असायचा, कान सारखे बंद व्हायचे त्याचे. आजोबा सोबत. वाफ चालू असताना तो माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत राहायचा. बाराव्या दिवशी मी त्याला एक लाल टिकली दिली, त्याने ती आजोबांच्या नाकावर लावली.

त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली ती आठवड्यात गेली. आधी महिना जायचा. हा माझा अनुभव, त्याचा सिद्धांत करू नकोस.

गुडघ्यांसाठी उपचारकेंद्रात गरम चिखलाचा लेप असतो, फांगो म्हणतात त्याला. पण त्याआधी तिथले डॉक्टर तपासतात आणि तो एकदा घेऊन भागत नाही, सलग दिवस लागतात. दोन दिवसांसाठी त्यात पडू नका. कुंडात बसा, बास.

कपड्यांचं. तुझ्या आईची अडचण मला कळते, माझीही तीच होती. मी चिपळूणहून निघण्यापूर्वी लायक्राचा पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला. सुती कपडा, लेगिंग, पंजाबी ड्रेस यांवर पाण्यात सोडत नाहीत, पोहण्याचं कापडच हवं. आधी ईमेल करून असा पूर्ण पोशाख चालेल का ते विचारून घे आणि उत्तर छापून जवळ ठेव, म्हणजे दारात वाद नको. डोक्याला टोपी, पायात रबरी चपला. घसरायची भीती असते म्हणून चपलांचा तळ नवा असू दे. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी कुंडाच्या काठावर दहा मिनिटं नुसती उभी होते. मग माझ्याच वयाची एक बाई पाण्यातून हात पुढे करून म्हणाली, "वेन्गा, वेन्गा", या, या. तिचा हात धरून उतरले. कोणी बघत नाही गं कोणाकडे. सगळ्यांचे गुडघे दुखत असतात.

आणि महत्त्वाचं: आईच्या पायात चांदीची जोडवी किंवा पैंजण असतील तर उतरवून ठेवायला सांग. गंधकाने चांदी काळी ठिक्कर पडते.

---

सांगलीची मुलगी:

काकू, काय लिहू! आईला तुमचा आजीचा परिच्छेद फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या बाईंना विचार, तो पोशाख चिपळुणात कुठल्या दुकानात मिळाला." म्हणजे तयार झाली म्हणायची!

बाबांचे मात्र प्रश्नावर प्रश्न. त्या अवशेषांना 'कॅटुलसच्या गुहा' म्हणतात म्हणे. मग ते घर आहे की गुहा? आणि खरंच त्या कवीचं का? आईला तिथे किती चालावं लागेल?

---

घाटमाथा:

अर्ध्या दिवसाचं मी मागे घेतो. पण एक शंका. एकोणसत्तर अंश पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का? आमच्या बोटवाल्याने तसंच सांगितलं होतं.

---

काठावरची:

घाटमाथा, ज्वालामुखी नाही. मोंते बाल्दोवर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो, समुद्रसपाटीच्याही दोन हजार मीटर खाली जातो, तिथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि दुसऱ्या भेगेतून वर येतो. या सगळ्या प्रवासाला वीसेक वर्षं लागतात असं इथे सांगतात. जाताना वाटेतल्या खडकांतून गंधक, मीठ, ब्रोमीन, आयोडीन घेऊन येतं. आपल्याकडेही तसंच आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली तुरळ, राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिमेला गरम झऱ्यांची रांगच्या रांग आहे आणि तिथेही आज कुठलाही ज्वालामुखी जागा नाही. खोल गेलेलं पावसाचंच पाणी. लहानपणी आम्हाला सांगायचे की कुंडाखाली देवाची चूल आहे. मला आता ती वीस वर्षांची गोष्ट त्याहून मोठी वाटते. आज कुंडात तुझ्या आईच्या गुडघ्याला लागणारं पाणी डोंगरावर पडलं तेव्हा तू शाळेत असशील.

आता बाबांसाठी. त्यांना माझा नमस्कार सांग, एका मास्तरणीचा.

ते घर आहे, गुहा नव्हेत. छपरं कोसळली, वर झाडोरा वाढला, खालच्या कमानी काळोख्या भोकांसारख्या दिसायला लागल्या, म्हणून पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लोकांनी 'ग्रोत्ते' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. कॅटुलस वेरोनाचा. परदेशातून, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियातून दमून परत आल्यावर त्याने सिर्मिओवर कविता केली, आपल्या घरी, आपल्या पलंगावर अंग टाकण्याचं सुख काय असतं त्याबद्दल. म्हणजे त्याच्या घराण्याचं इथे घर होतं हे खरं. पण तो इसवी सनापूर्वी ५४ च्या सुमारास तिशीतच वारला आणि हे जे प्रचंड घर आज दिसतं ते त्यानंतर, इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास बांधलेलं आहे. तेव्हा हे त्याचं घर नव्हे. नाव मात्र त्याचं लागलं. कवीच्या नावाने अवशेष ओळखले जातात, मालकाचं नाव कोणाला ठाऊक नाही. मला हे फार आवडतं.

घर किती मोठं? एकशे सदुसष्ट मीटर लांब, एकशे पाच मीटर रुंद. फुटबॉलच्या दोन मैदानांहून मोठं, आणि सपाट जमिनीवर नाही, उतारावर! खडकाचा उतार सपाट करण्यासाठी खालून कमानी आणि जाडजूड भिंती उभारल्या आणि त्यांच्यावर मुख्य मजला. गंमत अशी की मालक जिथे राहायचा तो वरचा मजला जवळजवळ गेला. पुढच्या लोकांनी दगड-विटा उचलून नेल्या. उरलं आहे ते खालचं, भार सोसणारं. बाबांना सांगा, उत्तरेच्या टोकाशी उभं राहून त्या भिंतींकडे खालून वर बघायचं. मला पहिल्यांदा बघताना आमच्या वाड्याचं जोतं आठवलं. वाडा पडला, भाऊबंदांनी वासे नेले, जोतं अजून आहे.

दक्षिण-पश्चिम बाजूला स्नानगृहांच्या खोल्या आहेत, एका मोठ्या हौदासकट. प्रत्येक वाटाड्या सांगतो की रोमन लोक इथे बोयोलाचंच पाणी वापरायचे. बाबा इतिहासाचे शिक्षक, त्यांनी पुरावा विचारावा. हौद तिथे आहे, झरा तळ्याच्या तळाशी आहे, आणि मधला नळ १८८९ चा. बस्स, तेवढं खरं.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात घर पडायला लागलं, पुढे त्याच्या जागेत मेलेली माणसं पुरली, मग तटबंदीत त्याचा काही भाग गेला. आठव्या शतकात लोंबार्ड राजा देसिदेरिओ याच्या राणीने, अन्साने, या गावात मठ स्थापला. त्या काळाच्या खुणा बघायच्या तर अवशेषांकडे जाताना डाव्या हाताला टेकडीवर सान पिएत्रोचं छोटं देऊळ आहे, आत भिंतीवर जुनी चित्रं. तिथे शांतता असते, कारण किल्ल्यासमोरचे लोक तिथे येतच नाहीत.

अवशेषांच्या दाराशीच संग्रहालय आहे. आईला ते पूर्ण बघता येईल, बसायला जागा आहे. रोमनांच्याही आधी, कांस्ययुगात, या तळ्यात लाकडी खांबांवर घरं बांधून माणसं राहायची, त्यांच्या वस्तू तिथे आहेत. घरातल्या भिंतीवरच्या रंगीत चित्रांचे तुकडेही. मग ऑलिव्हच्या राईतून वरच्या पातळीवरून चाला, दीड हजारावर झाडं आहेत, सावली आहे. तिथून खालचं तळं आणि पांढरे सपाट खडक दिसतात. खालच्या पातळीला पायऱ्या आहेत, ओबडधोबड, तिथे बाबा एकटे जाऊ देत. आईजवळ तू थांब. सकाळी उघडल्या उघडल्या जा. आठवड्यातला एक दिवस बंद असतं, तो आधी बघून ठेव, नाहीतर म्युनिकहून येऊन कुलूप बघाल.

बाबांना आणखी एक सांग. ज्या काळात इथे हे घर उभं राहत होतं त्या काळात आपल्याकडे सातवाहन होते, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात जी समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली ती याच जगातून आलेली. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. सांगलीहून तासाभराच्या अंतरावर! त्यांनी बघितली असेल तर इथे आल्यावर त्यांना परकं वाटणार नाही.

एक दिवस उरला तर देसेंझानोला या, ट्रेन तिथेच थांबते. चालत दहा-पंधरा मिनिटांवर दुसरं रोमन घर आहे, १९२१ मध्ये सापडलेलं. त्याच्या फरशीवर रंगीत दगडांची चित्रं जशीच्या तशी आहेत. मासे पकडणारी, द्राक्षं तोडणारी छोटी पंखवाली मुलं. सिर्मिओनेला भिंती दिसतात, इथे जमीन दिसते. आईसाठी हे सोपं, उंच-सखल जवळजवळ नाही.

गाडी नको. म्युनिकहून वेरोनाला सरळ ट्रेन आहे, ब्रेनर खिंडीतून, साडेपाच तासांच्या आसपास. खिडकीची जागा घे, डोंगर बघत येतील. वेरोनाहून देसेंझानो अर्ध्या तासाच्या आत. तिथून बस, किंवा धक्क्यावरून बोट. आईला बोटच आवडेल, वीस मिनिटांत किल्ल्याच्या पायथ्याशी उतरवते आणि पुलावरची रेटारेटी टळते.

खाणं सोपं आहे. भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्यात बहुतेक अंडं असतं, तेव्हा विचारूनच मागवा. सुक्या गव्हाच्या पास्त्यात अंडं नसतं. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची उकडपेंडीच म्हण ना, वर मशरूम घेतले की झालं. शब्द पाठ कर: "सेन्झा ऊओवा", अंड्याशिवाय. मी तर डब्यात दशम्या आणि लसणीची चटणी घेऊन ऑलिव्हखाली बसते. ब्रेशियाच्या आसपास गोठ्यांत काम करणारी बरीच पंजाबी कुटुंबं आहेत, त्यामुळे कणीक, डाळी, मसाले सगळं मिळतं. अगदीच अडलं तर माझ्याकडे जेवायला या, लेकीला मी सांगून ठेवलंय.

---

सांगलीची मुलगी (पाच आठवड्यांनी):

काकू, काल रात्री परत आलो. तीन रात्री राहिलो.

आई पहिल्या दिवशी कुंडाच्या काठावर उभी राहिली. तुमच्यासारखीच. मी पाण्यातून "वेन्गा, वेन्गा" म्हटलं तर हसायला लागली आणि उतरली. पंधरा मिनिटं झाल्यावर बाहेर काढताना म्हणाली, "अजून पाचच." संध्याकाळी हॉटेलचा जिना कठडा न धरता नाही उतरली, धरूनच उतरली, पण थांबत थांबत नाही. रात्री साडेनऊला झोपली ती सहाला उठली. बाबा म्हणाले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा रात्री लाइट लावला नाही तिने.

बाबा सकाळी साडेआठला दाराशी हजर होते. उत्तरेच्या त्या भिंतीपाशी गेले आणि तळहात टेकवून उभे राहिले. मी वरून फोटो काढला, त्यांना माहीत नाही. नंतर वाटाड्याला त्यांनी खरंच पुरावा विचारला, इंग्रजीत. तो बिचारा प्रामाणिक होता, म्हणाला, नक्की माहीत नाही. बाबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. पोसायडन त्यांनी पाहिलेला आहे, शाळेच्या सहलीला मुलांना घेऊन गेले होते म्हणे.

पैंजण काढले होते. जोडवी मात्र आईने काढली नाहीत, निघत नव्हती. काळी झाली आहेत. आणि तुमच्या हातच्या जेवणाबद्दल आई स्वतंत्र पत्र लिहिणार आहे, ती ऑनलाइन लिहिणार नाही.

---

काठावरची:

जोडवी घासून नको टाकू. पातेल्यात अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा, त्यावर जोडवी, चमचाभर खायचा सोडा आणि कढत पाणी. दहा मिनिटांत उजळतील. निघत नसतील तर आधी साबणाच्या फेसात बोटं भिजव.

पत्राचा पत्ता तुला वेगळा कळवते. मी सप्टेंबरात चिपळूणला असेन. आईला म्हणावं, नवरात्र झालं की या, तुरळच्या कुंडावर जाऊ. तिथे पोशाखाचा प्रश्न नाही, नऊवारीतच बसतात.